टूथब्रशचे ब्रिसल सूक्ष्मदर्शकासाठी तयार करताना उष्णतेने त्यांचा आकार कसा बिघडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पाने दंतवैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी, ब्रश कारखान्यांतील गुणवत्ता तपासणारे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी आहेत. सर्व आकडे तंतूच्या ०.१५ ते ०.२५ मिमी जाडीला धरून दिले आहेत.

ब्रिसलचे टोक इतक्या बारकाईने का पाहायचे?

कापलेल्या नायलॉनच्या तंतूला धारदार कड असते आणि ती हिरडीला ओरखडते. म्हणून कारखान्यात गुच्छ बसवून झाल्यावर टोके घासून गोल करतात. हे काम किती नीट झाले ते नुसत्या डोळ्याने कळत नाही. सिल्व्हरस्टोन आणि फेदरस्टोन यांनी १९८८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टोकांची स्वीकारार्ह आणि अस्वीकारार्ह अशी वर्गवारी मांडली. अनेक अभ्यास आजही तीच किंवा तिची सुधारित आवृत्ती वापरतात. या वर्गवारीत निर्णय कडेच्या काही मायक्रोमीटरवर ठरतो, आणि तयारीतली उष्णता नेमका तेवढाच भाग बदलते.

उष्णतेने तंतूत नेमके काय होते?

दोन वेगळ्या गोष्टी होतात. त्या वेगवेगळ्या तापमानांना घडतात आणि दिसतातही वेगळ्या.

पहिली म्हणजे आकसणे. ब्रिसलचा तंतू कारखान्यात लांबीच्या दिशेने कित्येक पट ताणलेला असतो. त्यामुळे रेणूंच्या साखळ्या एका दिशेत लागतात. नंतर उष्णता देऊन ही रचना स्थिर करतात, पण आतला ताण पूर्ण संपत नाही. त्या स्थिरीकरणाच्या तापमानाजवळ तंतू पुन्हा गेला की साखळ्या सैल होतात, लांबी घटते आणि जाडी वाढते. घनफळ तेच राहते असे धरले तर १० मिमीचा तुकडा ५ टक्के आकसून ९.५ मिमी होईल आणि ०.१८० मिमीची जाडी सुमारे ०.१८५ मिमी होईल. एका बाजूनेच उष्णता लागली तर ती बाजू जास्त आकसते आणि तंतू तिकडे वाकतो.

दुसरी म्हणजे वितळणे. टोक द्रवणांकापर्यंत गेले की पृष्ठताण त्याला गोळा करतो. कड नाहीशी होऊन घुमट तयार होतो. उष्णता आणखी मिळाली तर टोक तंतूपेक्षा जाड होते. त्यालाच भूछत्र-टोक म्हणतात.

कोणत्या पदार्थाला किती तापमान धोक्याचे?

ब्रिसलसाठी सर्वाधिक वापरात असलेले नायलॉन ६,१२ साधारण २१२ ते २१८ °से.ला वितळते. नायलॉन ६ सुमारे २२० ला, नायलॉन ६,६ सुमारे २६० ला. निमुळत्या ब्रिसल्ससाठी वापरले जाणारे पीबीटी (एक प्रकारचे पॉलिएस्टर) सुमारे २२५ ला वितळते. ब्रशच्या दांड्याचे पॉलिप्रोपिलीन मात्र १६० ते १६५ लाच वितळते. त्यामुळे ब्रश सगळीकडे सारखा तापला असेल तर दांडा शाबूत आहे म्हणजे नायलॉनही वितळलेले नाही हे अनुमान बरोबर असते. पण दांडा शाबूत आहे म्हणजे ब्रिसल आकसलेले नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही.

प्रत्यक्षात द्रवणांकापेक्षा काचसंक्रमण तापमान जास्त महत्त्वाचे ठरते. कोरड्या नायलॉनसाठी ते ढोबळपणे ५० ते ७० °से. असते. त्याच्यावर गेले की तंतू मऊ होतो आणि त्याच्यावर जो भार असेल त्याप्रमाणे वाकतो. ओलावा शोषलेल्या नायलॉनचे काचसंक्रमण तापमान आणखी खाली, अगदी खोलीच्या तापमानाजवळ येते. म्हणून ‘६० अंश म्हणजे काही फार नाही’ हा समज ब्रिसलच्या बाबतीत चुकीचा आहे.

उष्णतेमुळे निकाल कोणत्या बाजूला झुकतो?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. उष्णता निकाल ब्रशच्या बाजूने झुकवते. धारदार, वाईट कापलेले टोक थोडे वितळले की गुळगुळीत घुमटासारखे दिसते आणि ‘स्वीकारार्ह’ गटात जाते. चांगले गोल केलेले टोक वितळले तरी गोलच राहते. म्हणजे चूक दोन्ही दिशांना सारखी विखुरत नाही, त्यामुळे नमुन्यांची संख्या वाढवून ती पुसली जात नाही. जास्त ब्रश तपासले तर चुकीचा निष्कर्ष अधिक ठामपणे निघतो, एवढेच.

भूछत्र-टोक उलट बाजूला नेते, ते ‘अस्वीकारार्ह’ ठरते. पण ते नजरेत भरते आणि कोणीतरी शंका घेतो. खरा धोका हलक्या वितळण्याचा आहे.

तयारी सुरक्षित होती हे सिद्ध कसे करायचे?

साक्षीदार तंतू ठेवा. त्याच ब्रशमधून दोन-तीन तंतू घ्या, नवीन ब्लेडने टोक काटकोनात कापा आणि ते प्रत्येक स्टबवर (सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायच्या छोट्या धातूच्या बैठकीवर) नमुन्याशेजारी बसवा. कापलेली कड मुद्दाम धारदार असते. नमुन्यासोबत ती वाळवणी, सोन्याचा थर (विद्युतभार साचू नये म्हणून देतात तो), निर्वात, इलेक्ट्रॉन झोत या सगळ्यांतून जाते. शेवटच्या चित्रात ही कड धारदार दिसली तर बाकीच्या टोकांची गोलाई खरी मानता येते. कड बोथट झाली असेल तर त्या स्टबवरचे सगळे निकाल बाजूला ठेवा. त्यातली ‘चांगली’ टोके वेगळी काढून वापरू नका.

साक्षीदार तंतू त्याच पदार्थाचा आणि त्याच जाडीचा हवा. जाड तंतूला गरम व्हायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे जाड साक्षीदार बारीक तंतूची हमी देऊ शकत नाही.

जोडीला दोन साध्या गोष्टी करा. तयारीपूर्वी तीच टोके साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ४० ते ५० पट मोठी करून टिपा. आणि ठरावीक तापमानाला कायमची काळी पडणारी, चिकटवायची तापमानदर्शक पट्टी स्टबच्या कडेला लावा. पट्टी स्टबचे तापमान सांगते, टोकाचे नाही. पण स्टबच तापला असेल तर पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

गुच्छ ब्रशमधून कसा काढावा?

बहुतेक ब्रशमध्ये गुच्छ मधोमध दुमडून धातूच्या छोट्या पट्टीने भोकात ठोकलेला असतो. चिमट्याने तो मुळाशी धरून सरळ वर ओढला की पट्टीसह निघतो. हाच सर्वांत निर्धोक मार्ग. टोकांना चिमटा लावू नका. तिथला दाबाचा चपटेपणा पुढे वितळल्यासारखा भासतो.

गुच्छ निघत नसेल तर मुळाशी नवीन ब्लेडने एकाच फटक्यात कापा. बोथट कात्रीने तंतूचे कापलेले तोंड चपटे होते आणि त्याला कंगोरा उरतो. तोही उष्णतेचा परिणाम समजला जातो, प्रत्यक्षात तो नसतो.

डोक्याचा तुकडा दांड्यासकट हवा असेल तर बारीक दात्यांच्या हातकरवतीने, सावकाश, पाण्याचे थेंब सोडत कापा. वेगाने फिरणारी छोटी चकती वापरू नका. घर्षणाने पॉलिप्रोपिलीन वितळते, त्याचे गरम कण शेजारच्या गुच्छावर उडतात आणि टोकांना चिकटलेले छोटे गोळे दिसू लागतात. तापवलेली तार किंवा सोल्डरिंगची लेखणी तर मुळीच नको.

काही ब्रशमध्ये पट्टी नसते. तिथे गुच्छाची मागची टोके कारखान्यातच वितळवून एकत्र केलेली असतात. तो गोळा मुळाशी असतो आणि तो त्या रचनेचाच भाग आहे. स्टबवर गुच्छ उलटा बसला तर तोच भाग तपासला जाण्याची शक्यता असते. म्हणून काढतानाच वरच्या बाजूची खूण करा.

स्टबवर कशाने चिकटवावे?

दुहेरी कार्बन टेप पुरेशी होते. तंतू ५ ते ६ मिमी लांबीचे ठेवा. लांब तंतू उष्णता स्टबपर्यंत पोहोचवत नाही आणि झोतात हलतो. मुळाशी चांदीचा रंग लावला तर विद्युतभार निघून जायला वाट मिळते. हा रंग खोलीच्या तापमानालाच दोन-तीन तास वाळू द्या. लवकर व्हावे म्हणून स्टब गरम तव्यावर किंवा ओव्हनमध्ये ठेवण्याची सवय धातूच्या नमुन्यांना चालते, ब्रिसलला चालत नाही.

गरम गोंदाची बंदूक सुमारे १६० ते १९० °से.ला गोंद सोडते. तंतू तिथे वितळणार नाही, पण मुळापासून आकसून वाकेल. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद तंतूंच्या मधून केशाकर्षणाने टोकापर्यंत चढतो आणि कडेवर गुळगुळीत थर बसवतो. उष्णता नसतानाही टोक गोल दिसण्याचे हे दुसरे कारण. तोही टाळा.

वाळवणीसाठी ओव्हन चालेल का?

नाही. बंद डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या भांड्यात) ताज्या सिलिका जेलवर, खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवा. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ४८ तास ठेवा. नायलॉन ६,६ हवेच्या ५० टक्के आर्द्रतेला साधारण २.५ टक्के पाणी धरते आणि पूर्ण भिजल्यावर ८ टक्क्यांच्या वर जाते. नायलॉन ६,१२ यापेक्षा बरेच कमी, म्हणजे अनुक्रमे सुमारे १.३ आणि ३ टक्के. हे पाणी नीट न काढता नमुना कोटरमध्ये, म्हणजे सोन्याचा थर देणाऱ्या यंत्रात, टाकला तर अडचण अशी होते: निर्वात लवकर येत नाही, चालवणारा वेळ वाढवतो, नमुना ओलाव्यामुळे आधीच मऊ असतो आणि त्यातच प्लाझ्माची (यंत्रातल्या विद्युतभारित वायूची) उष्णता लागते. टोक खूप तापले तर आतल्या वाफेने बारीक फोडही येतात.

सोन्याचा थर देताना किती उष्णता लागते, आणि ती कशी टाळायची?

सर्वाधिक नमुने इथेच बिघडतात. जुन्या, चुंबक नसलेल्या स्पटर कोटरमध्ये प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन थेट नमुन्यावर आदळतात आणि तो तापतो. मॅग्नेट्रॉन कोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र त्यांना लक्ष्याजवळच (ज्या चकतीतून सोने उडते तिच्याजवळ) अडकवून ठेवते, त्यामुळे नमुना बराच थंड राहतो. म्हणून थर देणाऱ्या उपकरण केंद्राला पहिला प्रश्न कोटरच्या प्रकाराचाच विचारा.

चालेल अशी पद्धत: थराची जाडी १० नॅनोमीटर, लक्ष्य ते नमुना अंतर ५० मिमी किंवा जास्त, प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आत, २०–३० सेकंदांचे छोटे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यानंतर किमान ६० सेकंद विश्रांती. थंड होणारी बैठक असेल तर वापरा. कार्बन तापवून उडवण्याची पद्धत टाळा, त्यात तंतूवर थेट प्रारणाची उष्णता पडते.

एक साखळी ओळखून ठेवा. उभ्या तंतूंवर सोने वरून पडते. टोकावर थर बसतो, बाजू आणि मूळ उघडे राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली विद्युतभार साचून चित्र चमकते, मग नमुना पुन्हा कोटरमध्ये जातो, आणखी दोन-तीन मिनिटे. मूळ तरीही उघडेच राहते आणि टोकाला मात्र दुप्पट उष्णता मिळते. उपाय जास्त सोने हा नाही. बैठक तिरकी करून फिरवत थर द्या आणि मुळाशी चांदीचा रंग लावा.

थराला भेगा पडल्या असतील तर तेही उष्णतेचे चिन्ह आहे. नायलॉन तापमानाच्या प्रत्येक अंशाला सोन्याच्या सुमारे सहा पट प्रसरण पावते. खालचा तंतू फुगून आकसतो, वरचा थर त्याला साथ देऊ शकत नाही आणि चिरतो किंवा सुरकुततो.

इलेक्ट्रॉन झोताने टोक वितळते का?

साध्या चित्रणात सहसा नाही. हिशोब करून पाहा. २० किलोव्होल्ट आणि १०० पिकोअँपिअर म्हणजे २ मायक्रोवॅट. टोकाचे तापमान त्याने फार तर काही अंशांनी चढते. पण त्याच नमुन्यावर मूलद्रव्यांचे विश्लेषण करायला कोणी प्रवाह ५ नॅनोअँपिअर केला तर शक्ती १०० मायक्रोवॅट होते, म्हणजे ५० पट. नायलॉनची उष्णतावाहकता तांब्याच्या हजारभर पटींनी कमी, भोवती हवा नाही, आणि १० नॅनोमीटर सोने वीज वाहून नेते, उष्णता फारशी नाही. अशा वेळी टोक दहा-वीस अंशांनी, वाईट परिस्थितीत त्याहून कितीतरी जास्त तापते. टूथपेस्टचे कण शोधण्यासाठी विश्लेषण हवेच असेल तर आकाराची सगळी चित्रे आधी घ्या.

आकार पाहण्यासाठी ५ किलोव्होल्ट, ५० पिकोअँपिअरच्या आसपास प्रवाह आणि १०० ते ३०० पट मोठेपणा पुरेसा असतो. जास्त पट करून एका कडेवर झोत थांबवून ठेवू नका. झोत फिरवण्याचे आणि फोकस करण्याचे काम शेजारच्या तंतूवर करा, मग मोजायच्या टोकावर या.

लक्षात घ्या, झोताने होणारी सगळी हानी उष्णतेची नसते. इलेक्ट्रॉन साखळ्यांचे बंध तोडतात, पदार्थ थोडा थोडा उडून जातो आणि पृष्ठभाग खचतो. नमुना थंड ठेवला तरी हे पूर्ण थांबत नाही. ओळख सोपी आहे: मोठेपणा कमी केल्यावर आधी पाहिलेल्या जागेचा आयत खचलेला दिसला तर ती झोताची हानी. आयत नुसता काळसर दिसला तर तो निर्वातातल्या तेलकट वाफांचा थर.

तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पाहता वाकले. हीपण उष्णताच का?

बहुधा नाही. विद्युतभार साचला की शेजारचे तंतू एकमेकांना दूर ढकलतात आणि गुच्छ फुलतो. झोत बंद करा, व्होल्टेज कमी करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पाहा. तंतू जागेवर परतले तर तो विद्युतभार होता. उष्णतेने आलेला बाक परतत नाही.

थर न देता काम होईल का?

होईल, आणि जिथे सोय आहे तिथे हेच करावे. अल्पनिर्वात पद्धतीत कक्षातला थोडा वायू भार वाहून नेतो. चित्र किंचित मऊ येते, पण स्वीकारार्ह-अस्वीकारार्ह ठरवायला पुरते. कोटरची उष्णता पूर्णपणे टळते.

आडवा छेद हवा आहे. नमुना बेकेलाइटमध्ये बसवू का?

कदापि नको. बेकेलाइट म्हणजे उष्णता आणि दाबाने घट्ट होणारे प्लास्टिक. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही सवयीची पद्धत आहे, पण तिथे १५० ते १८० °से. आणि मोठा दाब लागतो. ताणलेला तंतू त्यात आकसतो आणि चपटा होतो. सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी वापरा आणि ५ ते १० मिलिलिटरच्या छोट्या साच्यात, पाण्याच्या थाळीत ठेवून ओता. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते, आणि एकाच वेळी जितके जास्त ओताल तितकी ती साचते. झटपट घट्ट होणारे अॅक्रिलिक याहून वाईट. घासताना पाणी चालू ठेवा, दाब कमी ठेवा. कोरड्या घासण्याने नायलॉन पसरते आणि छेदाची कड पुसली जाते.

साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकात तरी धोका नसेल ना?

एलईडी दिवा असेल तर नाही. जुना हॅलोजन दिवा टोकाच्या अगदी जवळ आणून बराच वेळ चालू ठेवला तर तंतू हळूहळू वाकताना दिसतात. प्रकाश तंतुनळीतून आणा किंवा दिवा दूर ठेवा.

निमुळत्या टोकाच्या ब्रिसल्ससाठी वेगळी काळजी लागते का?

हो, बरीच. हे पीबीटीचे तंतू रसायनात बुडवून टोकाकडे विरघळवत बारीक केलेले असतात. टोक ०.०१ ते ०.०२ मिमीपर्यंत उतरते. इतक्या बारीक टोकात उष्णता साठवायला पदार्थच नसतो, त्यामुळे ते क्षणात तापते आणि आकड्यासारखे वळते किंवा टोकावर छोटा मणी धरते. काटकोनात कापलेला साक्षीदार इथे उपयोगाचा नाही. न तयार केलेल्या निमुळत्या टोकांची अल्पनिर्वातातली चित्रे तुलनेला ठेवा.

वापरलेला ब्रश आहे. आधी निर्जंतुक करू का?

ऑटोक्लेव्हमध्ये नको. १२१ °से.ची वाफ म्हणजे उष्णता आणि ओलावा दोन्ही एकत्र, ब्रिसलसाठी यापेक्षा वाईट काही नाही. वापराने आलेला बाक आणि ऑटोक्लेव्हचा बाक नंतर वेगळे करता येत नाहीत. जंतूंचा थर पाहायचा असेल तर २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर करा, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून न्या आणि धूर खेचणाऱ्या कपाटात खोलीच्या तापमानाला वाळवा. नुसता आकार पाहायचा असेल तर साध्या पाण्याने धुऊन डेसिकेटरमध्ये ठेवा, हातमोजे घाला.

टोक कारखान्यातच वितळले होते की आपल्या तयारीत, हे कळते का?

बहुतेक वेळा कळते. कारखान्यात टोके घासताना घर्षणाने काही टोके वितळतात, पण घासणीच्या रेघा तिथे किंवा शेजारच्या टोकांवर दिसतात आणि वितळलेला भाग घासणीच्या दिशेने एका बाजूला ओढलेला असतो. तयारीतले वितळणे सगळ्या बाजूंनी सारखे, रेघांवाचून असते. ते दिव्याकडच्या किंवा लक्ष्याकडच्या तंतूंवर जास्त आणि आतल्या तंतूंवर कमी असते. सोन्याच्या थराखाली रेघा असतील तर त्या आधीच्या. थरच सुरकुतला असेल तर घटना थरानंतरची.

ध्रुवित प्रकाशही मदत करतो. ताणलेला तंतू एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये फिरवला की ठरावीक कोनांवर एकसारखा अंधारतो. वितळून गोठलेल्या टोकातली दिशा गेलेली असते, ते दाणेदार दिसते आणि एकसारखे अंधारत नाही. दोन्ही भागांमधली सीमा जिथे दिसते तिथवर उष्णता पोहोचली होती.

प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःचा ओळख-संच करून ठेवावा. एकाच ब्रशचे गुच्छ घ्या: एक तसाच ठेवा, एक ६० °से.ला रात्रभर, एक १०० ला एक तास, एक १५० ला दहा मिनिटे, आणि एकाच्या टोकाजवळ तापलेली सोल्डरिंगची लेखणी न्या. सगळ्यांची चित्रे एकाच मोठेपणात टिपून भिंतीवर लावा. नवीन विद्यार्थ्याची नजर यानेच लवकर तयार होते.

अहवालात काय काय लिहावे?

तंतूचा पदार्थ आणि जाडी, गुच्छ काढण्याची पद्धत, वाळवणीचे तापमान आणि तास, कोटरचा प्रकार, थराचा धातू, जाडी, प्रवाह, टप्पे आणि विश्रांती, सूक्ष्मदर्शकाचे व्होल्टेज आणि झोताचा प्रवाह, साक्षीदार तंतूचे चित्र, आणि त्यामुळे किती स्टब बाद केले. नुसते ‘सोन्याचा थर देऊन निरीक्षण केले’ एवढे वाक्य असेल तर ती टोके गोल होती की गोल झाली, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. नमुने सामायिक उपकरण केंद्राकडे पाठवत असाल तर हे आकडे नमुन्यासोबतच्या अर्जावर आधीच लिहून मागा. काम झाल्यावर कोटरची नोंद सहसा मिळत नाही.